गाण्याला साडेचार, भिंतीला दोन : बार्देशातल्या एका ब्लूज बारबद्दल

आधीच सांगून ठेवतो, जागेचं नाव लिहिणार नाहीये. मालक माणूस साधा आहे, तीन वेळा गेल्यावर ओळखही झालीय, आणि खाली त्याच्या भिंतीबद्दल जे लिहिणार आहे त्यामुळे त्याच्या गल्ल्यावर परिणाम व्हावा अशी माझी अजिबात इच्छा नाही. बार्देशात आहे, म्हापशाहून स्कूटरने वीसेक मिनिटं, जुनं घर, पुढे बाल्कांव म्हणजे बसायची ओसरी, मागे अंगण, अंगणात फणस. एवढ्यावर ज्याला शोधायचंय तो शोधेलच, गोवा केवढासा आहे.

मी मूळचा फोंड्याकडचा, नोकरी पणजीत, राहतो म्हापशात. ब्लूजचं, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या त्या गाण्याचं, वेड कॉलेजात लागलं, तेही एका कॅसेटमुळे, जिच्या एका बाजूला ब्लूज गिटारवाला बी. बी. किंग होता आणि दुसऱ्या बाजूला कुणीतरी नाट्यगीतं भरून ठेवली होती. कॅसेट उलटायची म्हणजे डायरेक्ट मिसिसिपीहून मंगेशीला. त्यामुळे माझ्या डोक्यात हे दोन प्रकार आजही शेजारी शेजारीच राहतात, त्याला माझा इलाज नाही.

आता गोव्यात लाइव्ह म्युझिक म्हणजे काय असतं ते इथे राहणाऱ्याला विचारा. किनाऱ्यावर एक माणूस लॅपटॉपवर ट्रॅक लावून तीच दहा गाणी म्हणत असतो आणि बाहेर 'ब्लूज नाइट' असा बोर्ड असला तरी आत गेल्यावर नव्वदीतलं रॉकच ऐकायला मिळतं, मधे एखादं संथ गाणं झालं की ते ब्लूज. त्यामुळे एप्रिलात ऑफिसमधल्या एकाने सांगितलं की बाबा ही जागा खरंच ब्लूजची आहे, अमेरिकन कलाकारांचे फोटो, जुन्या रेकॉर्डी, गुरुवारी बँड, तेव्हा मी अर्ध्याच मनाने गेलो. गेलो आणि साडेदहापर्यंत तिथेच होतो, म्हणजे गाणं दहाला संपल्यावरही.

दहा म्हणजे दहा बरं का. उघड्यावर रात्री दहानंतर मोठा आवाज चालत नाही, हा नियम सगळीकडे आहे पण पाळतात किती जण ते आपल्याला माहीत आहे. इथे पाळतात. शेजारच्या घरात एक म्हातारी माय राहते आणि दहा वाजून एक मिनिटाने तिचा फोन लागलेला असतो असं वेटर म्हणाला. म्हणून साडेसातला सुरू. उशिरा गेलात तर गेलात, अर्धं गाणं संपलेलं असेल.

स्टेज म्हणजे वीतभर उंचीचा लाकडी पाट, फणसाच्या बुंध्याला लागून. चाळीसेक खुर्च्या. साउंडवाल्याचं मात्र खरंच कौतुक, कानात भाले खुपसत नाही, गिटारच्या तारेवरून बोट सरकल्याचा आवाजही ऐकू येतो. तीन माणसं : गिटार आणि गाणं एकाकडे, एक माऊथ ऑर्गनवाला, आणि एक ड्रमवाला ज्याच्याकडे पूर्ण सेट नाहीच, एक किक, एक स्नेअर, एक सिंबल, झालं. बेस नाही. पहिल्यांदा वाटलं पैसे वाचवलेत, पण दुसऱ्या गाण्यापर्यंत बेसची आठवणही राहिली नाही कारण गिटारवाला अंगठ्याने खालच्या तारा सतत ठोकत असतो, दोन माणसांचं काम एका पंजात.

हा गिटारवाला पन्नाशीचा आहे, डाव्या करंगळीत तांब्याच्या पाईपचा तुकडा घालतो. प्लंबरकडचा पाईप, बोटाएवढा कापलेला, कडा कानशीने घासलेल्या. ब्रेकमधे मी बघायला मागितला तर काढून हातावर ठेवला, गरम होता. काचेचे दोन होते म्हणे, पडून फुटले, तेव्हापासून हाच. जुने लोक बाटलीची मान कापून बोटात घालायचे म्हणून त्याला बॉटलनेक म्हणतात, कुणी सुरीचं पातं वापरायचं. डब्ल्यू. सी. हँडी, ज्यांना पुढे ब्लूजचे जनक वगैरे म्हणायला लागले, ते १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट बघता बघता झोपून गेले होते आणि जाग आली तर शेजारी फाटक्या कपड्यातला एक माणूस तारांवर सुरी दाबून गिटार वाजवत होता, एकच ओळ तीन तीनदा म्हणत होता, दोन रेल्वे लाइनी जिथे एकमेकींना छेदतात त्या गावाबद्दल. त्या माणसाचं नाव हँडींनी लिहून ठेवलेलं नाही. मला हे नेहमी लागतं.

मे महिन्यात दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मामा बरोबर होते. म्हणजे मी नेलं नव्हतं, ते आले. मामा ७२ वर्षांचे, आयुष्यभर गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवलेला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे म्हापशाला आले होते आणि रात्री आमच्याकडेच राहणार होते. मी निघतोय बघून विचारलं, कुठे रे? म्हटलं, मामा, गाणं ऐकायला. 'दारूचं दुकान आहे ना ते?' म्हटलं, गाणं आहे मामा. 'मग दोन्ही असेल,' म्हणाले आणि चपला घातल्या.

पहिल्याच गाण्याला ते बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. मी हळूच सांगितलं की बारा बारचं आवर्तन असतं, बार म्हणजे तालाचा एक खंड. 'म्हणजे एकताल?' नाही मामा, बारा बार, प्रत्येकात चार मात्रा. 'मग अठ्ठेचाळीस मात्रा म्हण की सरळ, बारा काय म्हणतोस,' आणि परत पेरांवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गणित सोपं आहे : पहिले चार बार घरच्या कॉर्डवर म्हणजे आपला सा धरून, मग दोन मध्यमावर, दोन परत घरी, मग एक पंचम, एक मध्यम, आणि शेवटचे दोन पुन्हा घरी, आणि त्या शेवटच्या दोनात एक वळण येतं, टर्नअराउंड म्हणतात, ते तुम्हाला उचलून पुढच्या समेवर आणून ठेवतं. शब्दांचंही तसंच, एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर. मी मामांना यातलं काही सांगितलं नाही. तिसऱ्या गाण्याला टर्नअराउंड संपून सम आली त्या क्षणी त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की शेजारच्या गोऱ्या बाईची बिअर सांडली. बाई हसली. मामा नाही हसले, ते पुढची सम शोधत होते.

नंतर स्लाइड, म्हणजे तो पाईप तारांवरून सरकवत वाजवणं, सुरू झाली तेव्हा मान वाकडी करून ऐकत राहिले आणि म्हणाले, 'ह्याचा गंधार कुठला रे? कोमल पण नाही नि शुद्ध पण नाही. मधेच लोंबकळतोय.' बरोबर तीच तर गंमत आहे, ब्लू नोट म्हणतात ती हीच, पियानोच्या दोन पट्ट्यांमधे जी जागा नाही तिथला सूर. गिटारवर तार ओढून काढतात, स्लाइडवर पडदे नसतातच, तिथे नुसतं कानावर. पुस्तकातून मला हे समजायला किती दिवस लागले होते आणि मामांनी अर्ध्या मोसंबी ज्यूसमधे सांगून टाकलं. राग आला थोडा, खोटं कशाला बोलू.

माऊथ ऑर्गनवाला मडगावचा आहे. त्याच्याकडे चामड्याचा पट्टा आहे, काडतुसांसारख्या खाचा असलेला, प्रत्येकात एक हार्मोनिका, वर चिकटपट्टीवर पेनाने सुराचं नाव. गाणं ई मधे असलं तर हा ए ची हार्मोनिका काढतो. आधी वाटतं चुकला. पण ब्लूजमधे तसंच वाजवतात, कारण ए च्या पेटीवर दुसऱ्या छिद्रातून श्वास आत ओढला की ई मिळतो, आणि खालच्या छिद्रांवर श्वास ओढतानाच सूर खाली वाकवता येतात, फुंकताना नाही. म्हणजे घरचा सूरच असा निवडायचा की जिथे श्वास घेताना रडता येईल. लिटल वॉल्टर नावाच्या अमेरिकन हार्मोनिकावाल्याने हे सगळं घेऊन माइक आणि हार्मोनिका एकाच मुठीत धरली, अँप्लिफायरला जोडली, आणि १९५२ मधे निव्वळ हार्मोनिकाची एक धून अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज यादीत एक नंबरला नेली. आपल्या मडगावकराने ती धून वाजवली. वॉल्टरएवढी नाही, पण घाम मात्र तेवढाच.

इथवर सगळं छान. आता भिंत.

अंगणात जायच्या आधी एक लांबलचक खोली आहे, तिच्या दोन्ही भिंतींवर फ्रेम केलेले फोटो, खाली छापील पट्ट्या, नाव, जन्म, मृत्यू, दोन ओळी. कल्पना अप्रतिम. आणि मेहनतही दिसते, कुणीतरी बसून केलंय. पण मालकाला मी तोंडावर सांगितलंय तेच इथे लिहितो, की हे म्युझियम म्हणून मिरवायचं असेल तर एकदा कुणाकडून तरी तपासून घ्यायला हवं होतं.

पहिली चूक सनी बॉय विल्यमसनची. आता या नावाचे दोघे होते हे ब्लूज ऐकणाऱ्या माणसाला पहिल्या महिन्यात कळतं. दोघेही हार्मोनिकावाले. पहिला जॉन ली विल्यमसन, १९१४ ते १९४८, शिकागोत रात्री घरी परतताना मारहाण होऊन मेला. दुसऱ्याचं खरं नाव मिलर, त्याने पहिला जिवंत असतानाच त्याचं नाव उचललं, अर्कान्सासातल्या हेलेना गावच्या रेडिओवर १९४१ पासून एका पिठाच्या कंपनीसाठी रोज दुपारी वाजवायचा आणि त्या कार्यक्रमामुळे सगळ्या डेल्टात, म्हणजे मिसिसिपी नदीकाठच्या त्या ब्लूजच्या मुलखात, घराघरात पोचला, पुढे युरोपात गेला, दोन रंगांचा सूट आणि गोल बोलर हॅट घालून फिरायचा, १९६५ मधे वारला. इथे भिंतीवर फोटो बोलर हॅटवाल्याचा आणि खाली पट्टी १९१४–१९४८. म्हणजे दुसऱ्याने पहिल्याचं नाव चोरलं ते चोरलं, आता म्हापशाजवळ येऊन त्याचं मरणही चोरलं.

डेल्टाचा गिटारवाला-गायक रॉबर्ट जॉन्सन, त्याचा फोटो खरा आहे पण पूर्ण नाही. फोटोबूथमधला तो फेमस, त्यात त्याच्या ओठात सिगारेट आहे. १९९४ मधे अमेरिकन टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढलं तेव्हा सिगारेट पुसून टाकली आणि इथे लावलंय ते त्या तिकिटाचंच मोठं केलेलं चित्र. ज्या बारमधे अंगणात बसून निम्मे लोक सिगारेट ओढतायत त्या बारमधे रॉबर्ट जॉन्सनलाच बंदी, हे मला फार आवडलं.

पण सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. बेसी स्मिथ, मा रेनी, बिग मामा थॉर्नटन, या तिघी गायिका कुठे आहेत? टॉयलेटच्या पॅसेजमधे. हँड ड्रायरच्या वर बेसी स्मिथ. मी विचारलं तर म्हणे मुख्य खोलीत जागा उरली नाही. अहो, ब्लूजची रेकॉर्ड बाजारात आली तीच मुळी बाईच्या आवाजात, मेमी स्मिथने १९२० मधे 'क्रेझी ब्लूज' म्हटलं, ते धडाधड खपलं, तेव्हा कुठे कंपन्यांना कळलं की कृष्णवर्णीय लोकही रेकॉर्डी विकत घेतात. पुढची काही वर्षं बायकाच राज्य करत होत्या, एकटा गिटारवाला पुरुष ही मूर्ती नंतरची. आणि बेसी स्मिथ तर त्यातली महाराणी. १९३७ मधे हायवे ६१ वर गाडीला अपघात झाला, मिसिसिपीतल्या क्लार्कसडेलच्या कृष्णवर्णीयांसाठीच्या हॉस्पिटलात वारली, आणि नंतर तेहतीस वर्षं तिच्या थडग्यावर साधा दगड नव्हता. १९७० मधे रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन आणि वानिटा ग्रीन या दोघींनी खर्च करून बसवला. तेहतीस वर्षं बिनदगडाची राहिलेली बाई, तिला तुम्ही हात वाळवायच्या मशीनवर टांगता.

तिसरी तक्रार त्या निवेदन करणाऱ्या मुलाबद्दल. गाण्यांच्या मधे माइक घेतो आणि अमेरिकन कलाकारांच्या गोष्टी सांगतो. ल्यूसिलची गोष्ट चांगली सांगितली, म्हणजे १९४९ च्या थंडीत अर्कान्सासमधे बी. बी. किंग वाजवत असताना दोघांची मारामारी झाली, जमिनीवर ठेवलेलं पेटतं रॉकेलचं पिंप कलंडलं, सगळे बाहेर पळाले आणि हा गिटारसाठी परत आत गेला, नंतर कळलं भांडण ल्यूसिल नावाच्या बाईवरून होतं, तेव्हापासून प्रत्येक गिटारचं नाव ल्यूसिल. तीन मिनिटांत आटोपलं, लोक हसले, छान. पण मग रॉबर्ट जॉन्सनने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला ही गोष्ट, आणि तीही दहा मिनिटं, खालचा आवाज काढून, बॅकग्राउंडला गिटार. अरे, ही गोष्ट आधी सांगितली जायची ती टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्याच माणसाबद्दल, त्याच्या भावाने सांगितलेली. आडनाव एक म्हणून ती रॉबर्टच्या अंगाला चिकटली. रॉबर्ट सुरुवातीला भिकार वाजवायचा आणि काही काळ गायब होऊन परत आला तो तयार होऊन आला एवढं खरं, पण मधल्या काळात तो आइक झिमरमन नावाच्या गिटारवाल्याकडे शिकत होता, आणि रात्री स्मशानात बसायचे कारण तिथे कुणी ओरडत नाही. सैतान नव्हता, मास्तर होता. २९ गाणी मागे ठेवून १९३८ मधे सत्ताविसाव्या वर्षी गेला.

मामांना इंग्रजी फारसं कळत नाही, त्यांनी विचारलं पोरगा काय सांगतोय. मी सांगितलं, रात्री चौरस्त्यावर गेला, काळा उंच माणूस भेटला, गिटार लावून दिली. मामा म्हणाले, 'देवचार असणार. त्याला सोरो-रोट दिला असता तर आत्मा कशाला मागितला असता?' आता यावर काय बोलणार. आमच्याकडे सीमेवरच्या राखणदाराला वर्षाला दारू आणि रोट ठेवला की हिशोब मिटतो, आत्म्यापर्यंत गोष्ट जातच नाही.

तर मुद्दा असा की नुसत्या फोटोंनी काही होत नाही. माझा आतेभाऊ शिकागोजवळ असतो, तो मला बडी गाय या ब्लूज गिटारवाल्याच्या क्लबमधून फोटो पाठवतो. १९८९ पासून चालू आहे ती जागा, भिंतीवर सह्या केलेल्या गिटारी, आणि जानेवारीत म्हातारा स्वतः तिथे वाजवतो. त्याला मी २०२३ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ब्लूज फेस्टिवलमधे ऐकलंय, ८६ वर्षांचा, आणि माझ्या पुढे उभा असलेला पंचविशीतला पोरगा त्याच्या आधी दमला. त्याच फेस्टिवलला क्लार्कसडेलचा गिटारवाला किंगफिश इनग्रॅम पण होता, जन्म १९९९, म्हणजे आपल्याकडे ज्याला आपण मयत झालेली परंपरा म्हणून फ्रेम करतोय ती तिकडे अजून पोरं वाजवतायत. त्या क्लार्कसडेलमधे डेल्टा ब्लूज म्युझियम आहे, जुन्या रेल्वे मालधक्क्याच्या इमारतीत, आत ब्लूज गायक मडी वॉटर्स राहायचा त्या झोपडीचे लाकडी ओंडके उभे केलेत. १९४१ मधे लोकगीतं गोळा करणारा अॅलन लोमॅक्स रेकॉर्डिंग मशीन घेऊन त्याच झोपडीवर आला होता, आणि मडीने स्वतःचा आवाज पहिल्यांदा मशीनमधून ऐकला तो तिथे. दोन वर्षांत शेत सोडून शिकागोला. पुढे १९५० च्या त्याच्या एका गाण्यावरून इंग्लंडच्या पोरांनी आपल्या बँडचं नाव ठेवलं, तेच ते रोलिंग स्टोन्स.

शेजारी हॉलिवूडचा नट मॉर्गन फ्रीमनच्या भागीदारीतला क्लब आहे, २००१ पासूनचा, तिथे लोक भिंती-खुर्च्यांवर पेनाने नावं खरडतात आणि ते मुद्दाम तसंच ठेवलंय. मिसिसिपीतल्याच मेरीगोल्ड गावी तर पो मंकीज म्हणून पत्र्या-फळ्यांची एक झोपडी होती, शेतात ट्रॅक्टर चालवणारा विली सीबेरी राहायचा तिथेच आणि आठवड्यातून ठरलेल्या रात्री त्याच घरात लोक नाचायचे, २०१६ मधे तो गेला आणि जागा बंद. मिसिसिपीत २००६ पासून गावोगाव निळ्या पाट्या लावल्यात, दोनशेच्या वर झाल्या, कुठे कोण जन्मला, कुठे वाजवलं. म्हणजे पाटी जिथे लावलीय तिथेच काहीतरी घडलेलं असतं. इथल्या भिंतीला ते कुठून येणार, मान्य. पण मग निदान जे इथे घडलंय ते तरी लावा ना.

मी चिक चॉकलेटबद्दल बोलतोय. आंतोनियो झेवियर वाझ, हळदोण्याचा, जन्म १९१६. या बारपासून हळदोणे किती लांब असेल, अर्धा तास. अमेरिकन जॅझवाल्या आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट ऐकून ऐकून इतका तसा वाजवायला लागला की मुंबईत त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. सी. रामचंद्रांच्या गाण्यात जो अमेरिकन झटका आहे, ज्यावर भगवानदादा नाचले आणि आपले बाबा-काका लग्नात नाचले, त्यात याचा हात आहे. त्याच काळात मुंबईच्या ताजमधे टेडी वेदरफोर्ड नावाचा अमेरिकन कृष्णवर्णीय पियानोवाला वाजवायचा, १९४५ मधे कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला, त्याच्यासारख्यांच्या बँडमधून गोव्याचे लोक शिकले. चर्चच्या पॅरिश शाळेत मेस्तांकडून म्हणजे संगीताच्या मास्तरांकडून नोटेशन वाचायला शिकलेली ही पोरं, नोटेशन वाचता यायचं म्हणून काम मिळालं, आणि जे कागदावर लिहिता येत नाही ते या अमेरिकनांच्या शेजारी बसून उचललं. आता हे जॅझवाले, ब्लूजवाले नव्हेत, कुणी म्हणेल. ठीक आहे, जॅझच्या पोटात ब्लूज नसतो का? एक फ्रेम लावायला काय हरकत होती. टॉयलेटसमोर नको फक्त.

बरं, खाण्याचं राहिलं. कव्हर चार्ज ५००, त्यातलं बिलात काही वळतं होत नाही, हे दारावर सांगत नाहीत, बिल आल्यावर कळतं. मेनूवर 'डेल्टा फ्राइड फिश' आहे, ६२० रुपये. तिकडे कॅटफिश मक्याच्या पिठात घोळवून तळतात, इथे चोणक रव्यात घोळवून तळलाय. म्हणजे रवाफ्राय. नाव बदलून सव्वासहाशे. चव मात्र, काय सांगू, उत्तम, मासा ताजा, आतून पांढरा शुभ्र, रवा कुरकुरीत, सोबत कांदा नाही तर कोबीचं काहीतरी गोडसर, ते ठेवून द्या. मामांचा गुरुवार होता, त्यांनी आळंब्यांची शागुती म्हणजे मसालेदार रस्सा आणि पोयी म्हणजे इथला पाव घेतला, पोयी गरम नव्हती ती परत पाठवली आणि पोरगा काही न बोलता गरम करून घेऊन आला, त्याला त्यासाठी पूर्ण मार्क. 'मडी वॉटर' म्हणून एक ड्रिंक आहे, उर्राक म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, लिंबू सोडा, हिरवी मिरची आणि थोडं कोकम, रंग खरंच गढूळ. एप्रिलात ते प्यायलो, झकास. जूनमधे मागितलं तर उर्राकचा सीझन संपलेला, त्याच नावाने फेणीचं केलेलं दिलं आणि पैसे तेवढेच. सर्व्हिस चार्ज १० टक्के न विचारता लावतात, काढा म्हटलं की काढतात पण तोंड वाकडं करून. पार्किंग नाही, गाडी चर्चच्या मैदानात लावा नि चालत या, अंधार आहे, टॉर्च हवा. डास आहेत, ओडोमॉस काउंटरवर ठेवलंय, फुकट. माझ्या मते ती या जागेतली सर्वात मोलाची सेवा.

शनिवारी जाऊ नका, एकदा चुकून बाहेरून बघितलंय, डीजे असतो.

निघताना मामा त्या लांब खोलीत थांबले आणि एकेक फोटो चष्म्याच्या खालून बघत गेले. एका कोपऱ्यात आंधळ्या विली जॉन्सनचा फोटो आहे, छोटा, गिटारला पत्र्याचा पेला बांधलेला. मी म्हटलं मामा, हा माणूस आणि आपल्या केसरबाई एकाच रेकॉर्डवर आहेत. 'केसरबाई? कुठल्या?' आपल्या केरीच्या, केरकर. १९७७ मधे व्हॉयेजर ही दोन अवकाशयानं सोडली तेव्हा प्रत्येकाबरोबर एकेक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, पृथ्वीवरची गाणी म्हणून. त्यात केसरबाईंची भैरवी आहे आणि या विलीचं १९२७ मधलं एक गाणं, ज्यात शब्दच नाहीत, नुसती स्लाइड आणि हुंकार. पाच सप्टेंबरला व्हॉयेजर एक गेलं आणि सोळा सप्टेंबरला केसरबाई गेल्या. विली त्याआधीच, १९४५ मधे, जळलेल्या घरात ओल्या अंथरुणावर झोपून आजारी पडून.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'आता कुठवर पोचली असेल ती?' म्हटलं २०१२ मधेच सूर्याच्या अंमलाबाहेर गेली. 'मग ह्यानं बाईंचा फोटो का नाही लावला इथे, ह्याच्या शेजारी?' आणि गल्ल्यावरच्या मालकाला जाऊन कोकणीत हेच विचारलं. तो बिचारा गोंधळला, त्याला वाटलं बिलाची तक्रार आहे. मग मी मधे पडून केसरबाईंचं सांगितलं, विलीचं सांगितलं, आणि विषय निघालाच होता तर सनी बॉयच्या पट्टीचंही सांगितलं. त्याने खिशातून पेन काढून बिलाच्या मागे लिहून घेतलं.

जूनमधे तिसऱ्यांदा गेलो, एकटाच. पाऊस, अंगणावर पत्रे घातलेले, पत्र्यावरच्या आवाजात अर्धी हार्मोनिका वाहून गेली, पावसाळ्यात आत बसा. केसरबाईंचा फोटो अजून नाही. 'येतोय, फ्रेमवाल्याकडे आहे,' असं मालक म्हणाला. बेसी स्मिथ अजून हँड ड्रायरवरच, पण ड्रायर बंद पडलाय. सनी बॉयच्या खाली मात्र नवीन पट्टी चिकटवलीय, हाताने लिहिलेली, मृत्यू १९६५, बरोबर. फक्त घाईत इंग्रजी स्पेलिंगमधला ओ राहिलाय, त्यामुळे बोलर हॅट घातलेला तो सहा फुटी मिशीवाला माणूस आता सनी बाय झालाय.